लिव्हरच्या पेशंटला रक्ताची गुठळी होत नाही, हा जुना समज

मेडिसिनच्या वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटा. एका खाटेवर न्यूमोनियाचा पेशंट. रोज संध्याकाळी सिस्टर येतात, बेंबीच्या बाजूला पोटाची चिमूट धरतात आणि एक छोटंसं इंजेक्शन टोचून जातात. दुसऱ्या खाटेवर सिरोसिसचा पेशंट. पोटात पाणी झालेलं, पायांवर सूज, आठवडाभर धड उठून बसलेला नाही. त्याला मात्र ते इंजेक्शन नाही. नातेवाईकानं विचारलंच, तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "ते रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतं. यांचं रक्त आधीच पातळ आहे, यांना गरज नाही."

ऐकायला पटतं. रिपोर्टही तेच सांगतोय असं वाटतं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवरून काढलेला आकडा, १.८, प्लेटलेट्स ७० हजार, दोन्ही आकड्यांपुढे लॅबनं खुणा केलेल्या. नातेवाईकांचं सोडा, कित्येक वर्षं डॉक्टरही असंच धरून चालत होते, की खराब लिव्हर ही गुठळीपासून मिळालेली फुकटची ढाल आहे. गेल्या वीसेक वर्षांत ही समजूत मोडीत निघाली. सिरोसिसच्या पेशंटलाही गुठळी होते आणि इतरांपेक्षा कमी तर नक्कीच नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना इंजेक्शन द्यायचं का? तसंही नाही. पण "आयएनआर वाढलाय" एवढं म्हणून विषय मिटवणं चूक आहे, आणि ती चूक का आहे हे समजून घेण्यासारखं आहे.

सिरोसिस म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेनं लिव्हर घट्ट, गाठाळ होणं. इजा दारूची असो, हिपॅटायटिस बी किंवा सीची असो, नाहीतर लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीची, शेवटी होतं ते हेच. जुनाट लिव्हरच्या आजारांत गुठळीचा प्रश्न मुख्यतः याच पेशंटचा असतो, म्हणून लेखही त्यांच्याबद्दलच आहे.

हॉस्पिटलच्या खाटेवरच गुठळी का होते?

जखम झाली की रक्त गोठायलाच हवं. जखम नसताना शिरेच्या आतच ते गोठलं, तर मात्र पंचाईत. बहुतेकदा हे पायाच्या किंवा मांडीच्या आतल्या मोठ्या शिरांमध्ये घडतं. याला डॉक्टर डीव्हीटी म्हणतात. तिथल्या गुठळीचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर हृदयात जातो आणि पुढे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. माणूस एकाएकी धापा टाकायला लागतो, छातीत दुखतं. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत जीवही जातो.

शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं सांगितली जातात आणि ती १९व्या शतकातले जर्मन डॉक्टर रूडोल्फ फिरखो यांच्या नावानं ओळखली जातात: रक्ताचा ओघ मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१चा. म्हणूनच २०१४पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन १३ ऑक्टोबरला पाळतात.

आता ॲडमिट झालेला पेशंट डोळ्यांसमोर आणा. पडून राहिल्यामुळे पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत. पायातलं रक्त वर ढकलायचं काम हेच स्नायू करतात, त्यामुळे ओघ मंदावतो. हाताला किंवा मानेला सलाईनची नळी, म्हणजे अस्तराला इजा. अंगात जंतुसंसर्ग, म्हणजे रक्ताचा गोठण्याकडे कल. तिन्ही कारणं एकाच खाटेवर जमतात. गुठळीच्या एकूण घटनांपैकी मोठा वाटा ॲडमिट असताना किंवा डिस्चार्जनंतरच्या ९० दिवसांतला असतो, तो यामुळेच. सिरोसिसच्या पेशंटला यातून काही सूट मिळते का? उलट पोटातल्या पाण्यामुळे त्याचं हिंडणंफिरणं आणखी कमी होतं.

लिव्हर नक्की काय काय बनवतं?

खरी मेख इथं आहे. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात त्यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात, आणि त्यांतली बहुतेक लिव्हरमध्येच तयार होतात. लिव्हर खराब झालं की त्यांचं उत्पादन घटतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण गोठणं वेळेत थांबवणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं: प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. सिरोसिसमध्ये तीही घटतात. झालेली गुठळी विरघळवायला लागणारं प्लाझ्मिनोजेनही लिव्हरचंच, म्हणजे त्याचीही तीच गत.

घरच्या जमाखर्चासारखं आहे हे. गोठवणारे घटक ही जमा धरा, गोठणं रोखणारे हा खर्च. निरोगी माणसाची जमा भरपूर, खर्चही भरपूर, आणि वर गाठीला चार पैसे. सिरोसिसमध्ये जमा निम्म्यावर आली आणि खर्चही जवळपास तेवढाच खाली आला. महिनाअखेरचा मेळ अजूनही बसतो. फक्त गाठीला काही उरलेलं नाही. मोठ्या घराला जो धक्का जाणवतही नाही, त्यानं हे घर इकडे किंवा तिकडे कोलमडतं. जंतुसंसर्ग झाला, किडनी बिघडली, ऑपरेशन झालं, की तोल गेला. कोणत्या बाजूला जाईल हे मात्र आधी सांगता येत नाही. रक्तस्राव होऊ शकतो, गुठळीही होऊ शकते. एकाच पेशंटला एकाच आठवड्यात दोन्ही झाल्याचं वॉर्डात काम करणाऱ्यांनी पाहिलेलं असतं.

तज्ज्ञ या अवस्थेला नव्यानं साधलेला समतोल म्हणतात. समतोल आहे, पण तो तकलादू आहे. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवायला हवं, कारण कुणी फक्त "समतोल" ऐकून निर्धास्त होतं, तर कुणी फक्त "तकलादू" ऐकून हातच लावत नाही.

मग आयएनआर वाढलेला दिसतो, तो काय सांगतो?

आयएनआर फक्त जमेची बाजू वाचतो. खर्चाचं पान तो उघडतच नाही.

ही तपासणी आली कुठून ते पाहिलं की उलगडा होतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रिपोर्टवरचा पीटी, ही चाचणी अमेरिकन डॉक्टर आर्मांड क्विक यांनी १९३५ साली आणली. पुढे वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारं औषध वापरात आलं. कोणाला किती डोस पुरतो हे सगळ्या लॅबमध्ये सारख्याच मापानं मोजता यावं, म्हणून १९८०च्या दशकात पीटीवरून आयएनआर काढायला सुरुवात झाली. तो बेतलेला आहे वॉरफेरिन घेणाऱ्या माणसाच्या मापानं. आजारी लिव्हरच्या रक्ताबद्दल निवाडा द्यायला तो कधी बनवलेलाच नव्हता.

शिवाय टेस्ट ट्यूबमध्ये रक्तवाहिनीचं अस्तर नसतं. प्रोटीन सीला जागं करणारं थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रथिन नेमकं त्या अस्तरावरच असतं. ट्यूबमध्ये प्रोटीन सी झोपूनच राहतं. म्हणजे गोठणं रोखणारी एक मोठी यंत्रणा चाचणीत उतरतच नाही, आणि ती कमी झालीय हेही त्यामुळे दिसत नाही. २००५ साली मिलानच्या संशोधकांनी, आर्मांदो त्रिपोदी आणि पिएर मानुच्ची यांच्या गटानं, सिरोसिसच्या पेशंटच्या रक्तात थ्रॉम्बोमोड्युलिन घालून पाहिलं. गोठण्याची ताकद निरोगी माणसांइतकीच निघाली. आयएनआर बिघडलेला होताच, तरीही.

याचा सुगावा खरं तर कितीतरी आधी लागला होता. १९८१ साली एका जर्मन डॉक्टरनं २०० पेशंटच्या लिव्हरचा तुकडा तपासणीसाठी काढताना दुर्बिणीतून, सुईनं पडलेल्या भोकातून रक्त किती वेळ वाहतं ते मोजलं. अंदाज असा की ज्याचा पीटी जास्त, त्याचं रक्त जास्त वेळ वाहणार. तसं काही दिसलं नाही. पीटी आणि प्लेटलेट्सचा त्या वेळेशी मेळच बसला नाही. एवढं समोर दिसत असूनही "आधी आयएनआर सुधारा, मग हात लावू" ही सवय पुढची कित्येक वर्षं टिकून राहिली. आजही ती पुरती गेलेली नाही.

म्हणून आयएनआर निरुपयोगी आहे असं कोणी समजू नये. लिव्हर किती थकलंय हे त्यावरून चांगलं कळतं. ट्रान्सप्लांटच्या यादीत कोणाला आधी घ्यायचं हे ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये आयएनआर आहे, तो याच कारणानं. रक्तस्राव होईल की गुठळी, हे भाकीत मात्र त्याच्याकडे मागू नये.

प्लेटलेट्स तर खरंच कमी असतात ना?

असतात. सिरोसिसमध्ये प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स तिथं अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट्स बनवायचा इशारा देणारं हार्मोनही मुख्यतः लिव्हरमधूनच येतं, ते कमी पडतं. पण इथंही दुसरी बाजू आहे. प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवून धरणारं व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होतं, आणि सिरोसिसमध्ये ते वाढतं. त्याला काटछाट करणारं एन्झाइम मात्र लिव्हरचं, ते घटतं. प्लेटलेट्स संख्येनं कमी, पण चिकटायला उत्साही. फॅक्टर ८ हासुद्धा सिरोसिसमध्ये घटायच्या ऐवजी वाढतो, कारण तो लिव्हरच्या मुख्य पेशींवर अवलंबून नाही.

५० हजारांच्या खाली मात्र बहुतेक डॉक्टर सावध होतात, आणि व्हायलाही हवं. तिथून पुढे नियम नाही, पेशंट पाहून निर्णय.

प्रत्यक्षात गुठळ्या होतात का, की हे सगळं कागदावरचं?

होतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलनं सिरोसिसच्या पेशंटच्या २१ हजार ॲडमिशन्स चाळल्या. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साधारण ०.५ टक्के ॲडमिशन्समध्ये पायात किंवा फुप्फुसात नवी गुठळी सापडली. आकडा लहान वाटेल. पण ज्यांना गुठळी होणारच नाही असं गृहीत धरलं होतं, त्यांच्यातला तो आकडा आहे. आणखी लक्षणीय हे, की वाढलेल्या आयएनआरनं कोणाचं रक्षण केलेलं दिसलं नाही. फरक दिसला तो अल्ब्युमिनचा, म्हणजे लिव्हरच बनवतं त्या आणखी एका प्रथिनाचा: ज्यांचं अल्ब्युमिन कमी, त्यांच्यात गुठळी जास्त. याचा अर्थ लागतो. अल्ब्युमिन कमी म्हणजे लिव्हरचा कारखाना मंदावलाय, मग गोठणं रोखणारी प्रथिनंही घटलेली असणार. पुढे २००९ साली डेन्मार्कच्या नोंदींवरून आलेल्या मोठ्या अभ्यासात सिरोसिस असलेल्यांना शिरेतल्या गुठळीचा धोका इतरांच्या पावणेदोन पट निघाला.

यात पोर्टल व्हेनची गुठळी धरलेली नाही. आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी ही मोठी शीर. सिरोसिसमध्ये लिव्हर घट्ट झाल्यानं तिच्यातला ओघ रेंगाळतो, आणि तिथं गुठळी होणं हे सिरोसिसचं नेहमीचंच दुखणं आहे. पुष्कळदा ती सोनोग्राफीत सहज म्हणून सापडते. पेशंटला काही जाणवलेलंही नसतं.

पण रक्ताची उलटी झाली तर काय करायचं?

सगळ्यात रास्त शंका हीच. सिरोसिसच्या पेशंटच्या अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या असतात. त्या फुटल्या की भळाभळा रक्ताची उलटी होते, डांबरासारखी काळी शी होते. ज्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय, त्याला "रक्त गोठू न देणारं औषध द्या" असं सांगणं सोपं नाही. नातेवाईक घाबरतात, आणि ज्युनियर डॉक्टरही घाबरतात.

पण त्या शिरा फुटतात कशानं? दाबानं. लिव्हरमधून रक्ताला वाट मिळत नाही, म्हणून मागे दाब साचतो. लिव्हरच्या आधीच्या आणि नंतरच्या शिरांमधला दाबाचा फरक निरोगी माणसात ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो १०च्या वर गेला की शिरा फुगायला लागतात, १२च्या वर गेला की फुटायची भीती. रक्ताची गोठण्याची ताकद इथं दुय्यम आहे. म्हणूनच उपायही दाबावरचे असतात: प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलच्या गोळ्या, दुर्बिणीतून त्या शिरांना रबरबँड लावणं. हे नीट झालेलं असेल तर प्रतिबंधाच्या लहान डोसाची भीती बरीच कमी होते.

या बाबतीत इटलीतला एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. सिरोसिसचे ७० पेशंट घेतले. त्यांतल्या ३४ जणांना एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) जातीचं इंजेक्शन ४८ आठवडे रोज दिलं, तेही प्रतिबंधाच्या लहान डोसात. उरलेल्या ३६ जणांना दिलं नाही. ४८ आठवड्यांत इंजेक्शनवाल्यांपैकी एकालाही पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली नाही, बाकीच्यांपैकी ६ जणांना झाली. औषधामुळे रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. आणि अनपेक्षित भाग असा, की पोटात पाणी होणं, आजार बळावणं हेही इंजेक्शनवाल्या गटात बरंच कमी राहिलं.

भुरळ घालणारा निकाल आहे. पण हुरळून जाऊ नये. पेशंट थोडेच होते, निवडून घेतलेले होते, आणि हॉस्पिटलात अत्यवस्थ पडलेल्यांवरचा हा अभ्यास नव्हे. यातून एवढंच म्हणता येतं, की सिरोसिसमध्ये हेपॅरिन दिलं की रक्तस्राव होणारच, हे खरं नाही. ॲडमिट पेशंटना प्रतिबंधक डोस दिल्यानं त्यांच्या गुठळ्या नक्की किती टळतात, याचा पुरावा अजून फार भक्कम नाही. नंतर मागे वळून फाइली तपासलेल्या अभ्यासांत कधी फायदा दिसला, कधी नाही.

आत्ता रक्त वाहत असेल, तर प्रश्नच मिटला. इंजेक्शन बंद. रक्तस्राव थांबून पेशंट स्थिरावल्यावर परत विचार.

मग द्यायचं कोणाला?

अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली सल्ला दिला, की ॲडमिट झालेल्या ज्या सिरोसिसच्या पेशंटला एरवी, म्हणजे लिव्हर बाजूला ठेवून पाहिलं तर, प्रतिबंधक इंजेक्शन दिलं असतं, त्याला ते द्यावं. फक्त आयएनआर किंवा प्लेटलेट्सकडे बोट दाखवून नाकारू नये. पुरावा कच्चा आहे हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं, ते मला आवडलं. युरोपच्या लिव्हर संघटनेचा २०२२चा सल्लाही साधारण याच दिशेचा आहे.

"एरवी दिलं असतं का" हे ठरवायला पाडुआ स्कोअर नावाचा तक्ता वापरतात. कॅन्सर, आधी झालेली गुठळी, अंथरुणाला खिळणं यांना प्रत्येकी ३ गुण. नुकतंच ऑपरेशन किंवा मोठा मार लागला असेल तर २. वय ७० किंवा जास्त, जंतुसंसर्ग, लठ्ठपणा वगैरेंना एकेक. बेरीज ४ किंवा त्याहून जास्त झाली की धोका मोठा धरायचा. सिरोसिसचा पेशंट तीन दिवस उठलेला नाही आणि पोटातल्या पाण्यात संसर्ग झालाय, म्हणजे ३ आणि १. झाले ४.

रक्तस्रावाचा धोका मोजणारा इम्प्रूव्ह नावाचा दुसरा तक्ताही असतो. त्यात लिव्हर निकामी झाल्याबद्दल गुण मिळतात, आणि लिव्हर निकामी कशावरून ठरवायचं? तर आयएनआर १.५च्या वर. म्हणजे पुढच्या दारानं हाकललेला समज मागच्या दारानं पुन्हा घरात. तक्ते उपयोगी असतात, पण ते साधारण पेशंटच्या मापानं शिवलेले असतात. लिव्हरच्या पेशंटला ते खांद्यावर तंग होतात. बेरीज झाल्यावरही कोणीतरी डोकं चालवावंच लागतं: रक्ताची उलटी अलीकडे झाली होती का? एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, कधी झाली? शिरा किती फुगल्यात? किडनी कशी आहे?

इंजेक्शन कोणतं, आणि गोळी का नाही?

बहुतेक ठिकाणी एनॉक्सापॅरिनचा ४० मिलिग्रॅमचा डोस दिवसातून एकदा, कातडीखाली. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे किडनी बरीच मंदावली असेल तर डोस कमी करतात किंवा साधं हेपॅरिन देतात. सिरोसिसमध्ये किडनी कधी बिघडेल सांगता येत नाही, म्हणून किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर रोज नजर हवी. टोचलेल्या जागी थोडं काळंनिळं होतं, ते चालतं. इंजेक्शन सुरू केल्यावर पाच ते दहा दिवसांत प्लेटलेट्स एकाएकी निम्म्यावर आल्या, तर मात्र डॉक्टरांनी हेपॅरिनचीच एक दुर्मीळ विपरीत प्रतिक्रिया मनात आणायला हवी. प्लेटलेट्स आधीच कमी असलेल्या पेशंटमध्ये ही घट नजरेतून सुटू शकते.

रक्त गोठू न देणाऱ्या नव्या पिढीच्या गोळ्या सोयीच्या आहेत खऱ्या, पण त्या पचवायला लिव्हरच लागतं. आजार सौम्य असेल तोवर त्या चालतात. मध्यम असेल तर जपून, आणि त्यांतली रिव्हरॉक्साबॅन ही गोळी तर तिथंही टाळतात. लिव्हर फारच खराब असेल तर गोळ्या नकोतच. शिवाय ॲडमिट असताना रक्तस्राव सुरू झालाच, तर हेपॅरिनचा असर लवकर ओसरतो.

रक्त गोठू न देणारं काहीच देता येत नसेल तर यंत्राचा आधार: पायांना गुंडाळायच्या, ठरावीक वेळानं हवा भरून पोटऱ्या दाबणाऱ्या पट्ट्या. सुजलेल्या पायांची कातडी नाजूक असते, तेव्हा त्या रोज काढून खाली जखम झालीय का ते बघायला हवं. आणि चालणं. खाटेपासून दारापर्यंत का होईना, धरून का होईना.

आधी प्लाझ्मा चढवून आयएनआर सुधारला तर?

पुष्कळांना हा सुरक्षित मध्यममार्ग वाटतो. पण दात्याच्या प्लाझ्मात गोठवणारे घटक असतात तसेच रोखणारेही. मघाचंच उदाहरण घ्यायचं तर जमा वाढली तेवढाच खर्चही वाढला, शिल्लक जवळजवळ होती तिथंच. आयएनआर फक्त जमा वाचतो, म्हणून तो थोडा सुधारलेला दिसतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक पिशवीगणिक पाव लीटरच्या आसपास पाणी अंगात जातं, आणि त्यानं फुगलेल्या शिरांमधला दाब वाढतो. म्हणजे रक्तस्राव टाळायला म्हणून दिलेली गोष्ट त्याच शिरांवर ताण आणते. रक्त वाहत नसताना फक्त आकडा सुधारायला प्लाझ्मा देऊ नये, यावर आता तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे.

गुठळी झाली हे ओळखायचं कसं?

इथं सिरोसिसचा पेशंट खरोखर अडचणीत आणतो. डीव्हीटीचं नेहमीचं लक्षण म्हणजे पाय सुजणं, आणि याचे दोन्ही पाय आधीपासूनच सुजलेले. दम लागणं हे फुप्फुसातल्या गुठळीचं लक्षण, तर पोटातलं पाणी छाती वर ढकलतं म्हणून याला दम लागतच असतो. गुठळीसाठी करतात ती डी-डायमर तपासणी सिरोसिसमध्ये, विशेषतः पोटात पाणी असताना, गुठळी नसतानाही वाढलेली येते.

लक्ष ठेवायचं ते फरकावर. दोन पायांत एक पाय जास्त सुजलाय का? गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉप्लर, म्हणजे शिरांमधला रक्ताचा ओघ दाखवणारी सोनोग्राफी, करायचाच. पोटरी दुखरी, गरम लागतेय का? काल पलंगावर बसून बोलत होता तो आज अचानक धापा टाकतोय, ऑक्सिजन घसरलाय, नाडी पळतेय? पोटात पाणी आहेच, म्हणून दम असेल, असं म्हणून सोडून देऊ नये. नातेवाईक चोवीस तास शेजारी असतो. हा "अचानक" सगळ्यात आधी त्यालाच दिसतो.

नातेवाईकांनी डॉक्टरांना काय विचारावं?

"इंजेक्शन द्या" असा हट्ट धरू नये, आणि "देऊ नका" असाही नाही. विचारायचं ते एवढंच: यांना गुठळीचा धोका किती आहे आणि रक्तस्रावाचा किती, हे पाहिलंय का? नाही द्यायचं ठरलं असेल तर कारण काय? "आयएनआर वाढलाय" हे एकटं कारण पुरेसं नाही. "परवाच रक्ताची उलटी झालीय" हे पुरेसं आहे. अन्ननलिकेतल्या शिरा शेवटच्या कधी तपासल्या, हेही विचारावं. घरी कोणी ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या देत असेल तर ते न लपवता सांगावं. डिस्चार्जच्या वेळी इंजेक्शन सहसा बंदच होतं. घरी गेल्यावर पुढचे काही आठवडे एका पायाची सूज किंवा अचानक दम दिसला, तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही.

हे एकदाच विचारून भागत नाही, कारण निर्णय रोज बदलू शकतो. नेहमी घडणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. एंडोस्कोपी किंवा एखादी प्रोसिजर आहे म्हणून इंजेक्शन एका दिवसापुरतं थांबवतात. औषधांच्या कागदावर त्या रकान्यात "होल्ड" लिहिलं जातं. प्रोसिजर होते, ड्युटी बदलते, दुसरे डॉक्टर येतात, आणि "होल्ड" तसंच चार-पाच दिवस पुढे पुढे उतरवलं जातं. परत सुरू करायचं की नाही, हे कोणी ठरवलेलंच नसतं. त्यामुळे रोज संध्याकाळी टोचलं जाणारं इंजेक्शन आज आलं नाही, तर सिस्टरना विचारा: थांबवलंय, की राहून गेलंय?